सुट्टे

दादानं लोणंदहून आणून सोडली तेव्हा
प्रांजलची उजवी भुवई अर्धीच होती.
"उपटते," दादा जिन्यात म्हणाला, चपला घालता घालता,
गळका नळ दाखवून जावा तसं.
"दहावीपुरती राहू दे. तुला काय, एकटीच तर आहेस."

एकटीच तर आहे.
धनकवडीत दीड खोली, पहाटे सव्वाचारचा गजर,
खाकी कपडे, खांद्यावर कातडी बॅग,
आणि रात्री एका माणसाची कणीक.
आता दोन माणसांची मळायची,
त्यातलं एक माणूस जेवत नव्हतं.

पहिला महिना ती आतून कडी घालून बसायची.
दीड खोलीत आतलं दार एकच, मोरीचं.
मी बाहेर, खांद्यावर टॉवेल, ड्यूटीला उशीर.
ओरडले. एकदा हातही उगारला,
तो तसाच वर राहिला, बसची दांडी धरल्यासारखा.
"मार ना," ती म्हणाली, "पप्पा तरी मारतात."
त्या दिवशी मी तीन जणांना चुकीची तिकिटं दिली.

सकाळी तिच्या उशीवर बारीक केस असायचे.
भुवईचे, पापणीचे.
आम्ही लहानपणी पापणीचा केस मुठीवर ठेवायचो,
डोळे मिटून काहीतरी मागायचो, फुंकर घालायचो.
इतके केस,
आणि या पोरीनं एकदाही काही मागितलं नसेल?

मग शाळेतून फोन.
कुणीतरी तिचा फोटो वर्गभर फिरवला होता,
भुवईभोवती लाल गोल काढून.
दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाईना, मला रजा मिळेना.
बरोबर घेतली. कात्रज ते निगडी,
खिडकीशी बसवली, तिचं पूर्ण तिकीट काढलं.
स्वारगेटला गाडी भरली.
"पुढं सरका! दारात काय सत्यनारायण घातलाय?"
माझा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.
तोंड बाहेर वळवून हसली.
काचेत दिसलं मला.

निगडीला पंधरा मिनिटं गाडी उभी.
मी बॅग सीटवर उपडी केली. "सुट्टे लाव."
भुवईकडं निघालेली बोटं
नाण्यांवर उतरली.
दहाची चळत, पाचची, दोनची.
एक वाकडं पाचचं तिनं बाजूला काढलं.
"हे चालेल?"
"चालवायचं. देताना दोन चांगल्यांच्या मधे घालायचं."

काय झालं कुणास ठाऊक,
दादालाही न सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं:
नवऱ्याचं घर सोडलं त्या वर्षी
मी कागद खायचे.
तिकिटांच्या कडा फाडून, दिवसभर.
"ई," ती म्हणाली. मग, थोड्या वेळानं,
"चव कसली?"
"शाईची. पासाच्या कागदाची जरा बरी."
"सुटलं कधी?"
"सुटलं नाही. कमी झालं."
तिनं वाकडं नाणं चळतीत मधोमध सारलं
आणि ड्रायव्हर चहा पिऊन आला.

भुवई आली असं नाही.
सहामाहीच्या आठवड्यात पुन्हा गेली, डावीही थोडी.
गुरुवारी महापालिकेच्या दवाखान्यात एक बाई भेटतात,
तिथं ती एकटी आत जाते,
मी बाकावर बसते, पर्समधली जुनी तिकिटं चाचपत.
एकदा बाहेर येऊन तिनं हात पुढं केला:
"तोंडातलं काढ."
काढलं.

रात्री हिशोबाला ती माझ्यासमोर बसते.
एक रुपया कमी आला तर माझ्यावरच संशय घेते.
काल चळती लावता लावता थांबली,
माझ्या गालावरून काहीतरी चिमटीत उचललं
आणि माझी मूठ वळवून त्यावर ठेवलं.
"माझा नाहीये. तुझाच गळलाय. माग."

मला काही सुचेना.
इतक्या वर्षांत मागायची सवयच गेलेली.
"लवकर," प्रांजल म्हणाली,
"पंखा चालू आहे."